चिमणाबाईंची पेज आणि माझी नोकरी

१ जून २००४, मंगळवार
शनिवारी इंटरव्ह्यू. गावाबाहेर नवीन वृद्धाश्रम निघालाय, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचा. नर्सची जागा एकच. म्हंजे बाकीच्यांनी उगंच एसटीचं भाडं घालवायचं. मी पास झालेला ब्रदर हाय, म्हंजे पुरुष नर्स. तिसऱ्या झटक्यात झालो, पण झालो की. उद्या पहाटे उठून पुस्तक वाचणार.

२ जून
पहाट झाली म्हणं. मला कुणी उठवलं न्हाय.
आण्णा, म्हंजे वडील, म्हणाले, ही नोकरी हुकली तर कागल एमआयडीसीत फौंड्रीत घालतो, सायबाशी बोलून ठेवलंय. मी म्हणालो, भट्टीपुढं माझा पांढरा ड्रेस काळा पडंल. आण्णा म्हणाले, आदी शिवून तर घे.

४ जून, संध्याकाळ
पुस्तक उघडलं. ‘रुग्णास अन्न भरवणे’. हा धडा चालू होता तवा मी सरांच्या खुर्चीला खाजकुयली लावत होतो. सोप्पा दिसतोय. चमचा, तोंड, संपलं. सोडला.
सरावाला धाकटी बहीण निशा इंटरव्ह्यू घेणारी सायेब झाली. तिनं विचारलं, म्हातारी माणसंच का? मी म्हणालो, तरणी मला मारायला उठत्यात. निशा म्हणाली, दादा, हे तिथं बोलू नकोस. जळती.
माझा प्लॅन वेगळा हाय. पोरी तोंड पाडून उत्तरं देणार, मी म्हाताऱ्यांना हसवणार. हसला की पेशंट निम्मा बरा.

५ जून, दुपार
इंटरव्ह्यू झक्कास!
मेट्रन बनाबाई. आवाज असा की इंजेक्शन न घेताच दुखतंय. म्हणाल्या, प्रॅक्टिकल. एकेका पेशंटला पेज भरवा.
माझ्या आधी तेजस्वी म्हणून एक पोरगी. म्हातारीला ताठ बसवली, हनुवटी खाली घेतली, अर्धा चमचा, गिळंपर्यंत गप. बघून मला झोप आली.
मला चिमणाबाई मिळाल्या. चंदगडच्या. अर्ध्या अंगावरनं वारं गेलेलं, तोंड वाकडं, पण जीभ कोयत्यावानी. म्हणाल्या, काय रं पावण्या, मला भरवायला बाप्या धाडला व्हय? मी म्हणालो, आजी, पोरी संपल्या, ह्याच्यावरच भागवा.
म्हातारी खुदखुदली. मी मोठा चमचा तोंडात सोडला आणि बनाबाईंची चाल करून दाखवली.
पेज नाकातनं आली. आजींचे डोळे पांढरे. तेजस्वीनं पुढं वाकवून पाठीवर थापा मारल्या. मी बादली शोधत होतो, त्याला पण मार्क असणार.
दम परत आल्यावर आजींचं पहिलं वाक्य, त्यो नकल्या कुठं गेला? सगळा हॉल हसला. बनाबाई सोडून. म्हंजे बहुमत माझं.

६ जून, रविवार
शिंप्याकडं ड्रेसचं माप दिलं. कॉलर मोठी सांगितली.

७ जून, सकाळ
शेजारच्या फोनवर आश्रमाचा निरोप! चिमणाबाई कालपासनं जेवंनात. नकल्याला आणा, मगच तोंड उघडीन म्हणत्यात. आण्णांना म्हणालो, फौंड्रीच्या सायबाला माझा नमस्कार सांगा. पेढे घेऊन निघालो.

७ जून, संध्याकाळ
जागा तेजस्वीला गेली. शनिवारीच.
बनाबाईंनी गेटवर नियम सांगितले. आजच्यापुरतं दारात उभं ऱ्हायचं, तोंड मिटून. हसायचं न्हाय, हसवायचं तर न्हायच. हितनं पुढं रविवारी चार ते पाच, भेटायला. जेवणाच्या टायमाला गेटच्या आत पाय टाकायचा न्हाय. पेढे वॉचमनकडं.
मी पगाराचं विचारलं. त्या म्हणाल्या, पावण्याला कसला पगार?
उभा राहिलो. तेजस्वी भरवत होती. आजी माझ्याकडं बघत बघत वाटीभर पेज जेवल्या, शेवटी एक डोळा मारला. मी जीभ चावून धरली. आयुष्यात एवढं अवघड काम केलेलं न्हाय.
उद्यापासनं कागल, फर्स्ट शिफ्ट. आण्णांनी डबा पण आणून ठेवलाय.
तसं बघाय गेलं तर मोठमोठे डॉक्टर पण आश्रमात आठवड्यातनं एकदाच येत्यात.