जुन्या प्रतीतली माणसं

२२ ऑगस्ट २०१७, बडनेरा

आले एकदाची! सकाळच्या गाडीनं अकोल्याहून निघाले आणि जेवायच्या आत खोलीसुद्धा लागली. घरमालकीण इंदूबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. भाड्याचं बोलायच्या आधीच त्यांनी ताट वाढलं. म्हणाल्या, "लाजू नको पोरी, खाय पोटभर." भाकरीसोबतच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तर हसत सुटल्या. आज तान्हा पोळा, गल्लीतली लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. सगळ्यांना इंदूबाईंनी बिस्किटं वाटली.

त्यांचे मालक जानराव जुलैच्या शेवटी गेले. लोकांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मजुरीनं फवारणी करायचे. औषध अंगात भिनलं, दवाखान्यातून बरे होऊन घरी आले आणि मग भातकुलीच्या वाटेवरच्या एका शेतात सापडले. हे सांगताना इंदूबाईंचा हात तव्यावर तसाच चालू होता. जानरावांचा मोबाइल देवळीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवलाय. तो त्या रोज चार्ज करतात.

२४ ऑगस्ट

ऑफिस अमरावतीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. 'दुवा आरोग्य सेवा' असं नाव. चालवतात डॉक्टर रऊफ. सगळे त्यांना रऊफ सर म्हणतात. फवारणीचं विष बाधून दवाखान्यात आलेले मजूर घरी गेले की त्यांची सगळी माहिती आमच्या डेटाबेसमध्ये राहते. दर दोन दिवसांनी यंत्र त्यांना आपोआप फोन लावतं. ललिताताई नावाच्या नर्सच्या आवाजात प्रश्न येतात: डोळ्याले दिसून राहिलं का? श्वास लागते का? त्रास असेल तर एक दाबायचं. एक दाबलं की नर्सला आणि पेशंटच्या घरच्या माणसाला लगेच फोन जातो, की ताबडतोब पोचा.

ललिताताई जूनमध्ये काविळीनं गेल्या. आवाज बदलायला सरांचा जीव होत नाही. लोक त्या आवाजाला ओळखतात म्हणे.

मला बोलावलंय ते बॅकअपसाठी, म्हणजे या माहितीच्या प्रती काढून जपून ठेवायला. डेटाबेस क्लाउडवर आहे, म्हणजे दूरच्या कुणाच्या तरी मोठ्या संगणकांवर भाड्यानं ठेवलेला. आईला फोनवर हे सांगितलं तर तिनं विचारलं, पावसात भिजत नाही ना? जुलैच्या शेवटी कुणाच्या तरी हातून तो अख्खा पुसला गेला. सगळं पुन्हा भरेपर्यंत आठवडाभर फोनच गेले नाहीत. घरी गेलेल्यांपैकी कोण गुदमरतंय हे कुणाला कळलं नाही.

३० ऑगस्ट

काम छान चाललंय. रोज एक प्रत आपोआप निघेल. तीच प्रत दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या शहरातल्या संगणकांवरही जाईल. आणि प्रत्येक प्रतीवर कुलूप घातलं: वर्षभर ती कुणालाच पुसता येणार नाही. खात्याच्या मालकाला नाही, मलाही नाही. सर खूश झाले. "अब कोई माई का लाल मिटा नहीं सकता," म्हणाले आणि कचोरी मागवली.

आधीच्या माणसानं जुलैच्या सुरुवातीला काढलेली एक जुनी प्रत सापडली. तीही कुलपात टाकली.

५ सप्टेंबर

प्रत नुसती असून भागत नाही, तिच्यातून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का ते पाहावं लागतं. म्हणून सगळ्यात जुनी, जुलैची प्रत घेतली आणि बाजूला वेगळ्या सर्व्हरवर उभी केली. पहिल्याच फटक्यात उभी राहिली! गावं, नावं, औषधं, सगळं जागच्या जागी. जानराव तायडे यांचंही नाव दिसलं. 'प्रकृती स्थिर, घरी.' त्या प्रतीत ते अजून जिवंत आहेत.



६ सप्टेंबर

घरी आले तर इंदूबाई दारातच उभ्या. दुपारी जानरावांचा फोन वाजला म्हणे. ललिताताई विचारत होत्या, जानरावभाऊ, श्वास लागते का?

लॅपटॉप उघडून पाहिलं. उभ्या केलेल्या प्रतीसोबत फोन लावणारं यंत्रही जागं झालं होतं. त्या प्रतीत गेलेली माणसं जिवंत, म्हणून त्यांना फोन. मी इंदूबाईंचे हात धरून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चाल्ते वं. किती दिसानं कोनी त्याईचं नाव घेतलं."

लगेच ती उभी केलेली प्रत पाडून टाकली. मूळ प्रत कुलपातच आहे.

८ सप्टेंबर

आज फोनची नोंद तपासली. पाडलेल्या प्रतीतून जानरावांना गेलेल्या फोनला उत्तर मिळालंय. एक दाबलंय.

इंदूबाईंना विचारलं. आपण काही दाबलं नाही म्हणाल्या. फोन कानाला लावून नुसत्या ऐकत होत्या.

११ सप्टेंबर

जुनी प्रत पुन्हा उभी आहे. मी उभी केलेली नाही. दर आठवड्याला आपोआप चाचणी व्हावी असं मीच लावलं होतं, त्यातून झालं असेल. ते काढून टाकलं. प्रत पाडली.

जेवायच्या सुट्टीत देवीदास नावाचा माणूस आला होता, वलगावचा. त्याचा भाऊ जुलैत वारला. त्याला फोन आला की तुमच्या भावाला त्रास होतोय, ताबडतोब पोचा. सरांनी हात जोडले, मशीनची चूक झाली म्हणाले. देवीदास रागावला नाही. म्हणाला, मागून खोकल्याचा आवाज येत होता डॉक्टरसाहेब, तो आमच्या बुधाचाच खोकला हाय.

१४ सप्टेंबर

देवीदास सापडला. भाऊ जिथं फवारायचा त्याच शेतात, पऱ्हाटीच्या ओळीत. तोंडाला फेस. त्या शेतात महिन्याभरात औषध मारलेलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा शेतमालक शपथा घेऊन सांगत होता.



१६ सप्टेंबर

प्रत पुन्हा उभी. पाडली. दुपारी पुन्हा उभी. पासवर्ड बदलले, ज्या खात्यातून ती उभी राहते ते बंद केलं, तर दुसऱ्या खात्यातून उभी राहिली. जिथं मीच ती सुरक्षित ठेवली तिथून.

आणि तिच्यात देवीदासचं नाव आलंय. जुलैच्या प्रतीत. 'नवीन पेशंट.'

मूळ प्रतच पुसायला गेले. कुलूप. क्लाउडवाल्या कंपनीला फोन केला, रडत सांगितलं की आमच्या जिवावर बेतलंय. तो मुलगा नम्रपणे म्हणाला की हे कुलूप नेमकं अशाच वेळेसाठी असतं मॅडम, कुणीही घाबरून डेटा पुसू नये म्हणून.

१९ सप्टेंबर

इंदूबाईंना आता त्यांच्या स्वतःच्या फोनवर फोन येतात. रोज, मी कामावर गेले की: जानरावांना त्रास होतोय, ताबडतोब पोचा. त्यांनी नवं लुगडं काढलंय. मी विनवलं, मावशी, फोन बंद ठेवा, माझ्यासोबत अकोल्याला चला. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसं मीच काही वाईट बोलले.

"थो तिकडं एकटा गुदमरून राहिला अन् म्या फोन बंद करू? तेव्हा मले कोनी सांगितलं नाही वं. आता सांगून राहिले तर नको जाऊ म्हन्तं?"



२१ सप्टेंबर

सरांना म्हटलं, सगळी फोनसेवाच बंद करा. त्यांनी डोकं धरलं. वॉर्ड भरलाय, रोज नवे मजूर येताहेत, घरी गेलेल्यांना विचारणार कोण? शेवटी त्यांनी लाइन बंद केली. मी कामावर गेलेच नाही. दिवसभर इंदूबाईंजवळ बसून राहिले. फोन वाजला नाही. संध्याकाळी त्यांनी पिठलं केलं पण स्वतः खाल्लं नाही.

२३ सप्टेंबर

अनीसा नावाची मुलगी गेली, बाळापूरची. शेतावर आईसोबत जायची. परवा घरी सोडलं होतं. रात्रभर तिला श्वास पुरत नव्हता आणि आईबाप आमच्या फोनची वाट पाहत बसले, फोन आला की एक दाबू म्हणून.

सरांनी लाइन पुन्हा चालू केली. "मैं क्या करूं, संध्या? बोल ना. मैं क्या करूं?"

२४ सप्टेंबर

इंदूबाई घरात नाहीत. दार सताड उघडं. चूल पेटलेली.

रिक्षावाल्यानं सांगितलं, भातकुलीच्या रस्त्यानं गेल्या. घाईत होत्या. हसत होत्या.

२५ सप्टेंबर

जानराव सापडले त्याच शेतात. मीच ओळखलं.

अंगाला औषधाचा वास. लुगडं कोरडं होतं.

२८ सप्टेंबर

जुनी प्रत. इंदूबाई तायडे. नवीन पेशंट. प्रकृती स्थिर.

पुढचा रकाना, घरचं माणूस: संध्या इंगळे. खाली माझा नंबर.

मी भरलेलं नाही. खोडलं. पान पुन्हा उघडलं तर— तसंच.

१ ऑक्टोबर

सकाळी अकराला फोन. ललिताताई. इंदूबाईंना त्रास होतोय, ताबडतोब पोचा. मागून कुणीतरी श्वास ओढतंय. ओढतंय आणि पुरत नाही.

सिम काढून फेकलं.

दुपारी दवाखान्याच्या फोनवर आला. मलाच फोनवर बोलावलं.

४ ऑक्टोबर

सरांनी माझा राजीनामा घेतला. म्हणाले, बेटा तू घरी जा, मी सांभाळतो. त्यांच्या टेबलावरचा फोन वाजत होता, उचलला नाही त्यांनी.

मी जवळ गेले की कुठलाही फोन वाजतो. आता प्रश्न विचारत नाहीत ललिताताई. नुसतं नाव घेतात. संध्या. संध्या. आणि मग इंदूबाईंचा आवाज— पोरी, कोनी येत काहून नाही वं—

मी त्यांना तिथं एकटं कसं—

नाही. जायचं नाही.

६ ऑक्टोबर

अकोल्याला निघाले. गाडी चुकली, म्हणून बस. भर दुपार आहे, माणसं आहेत, भीती नको. आईला कळवलंय, जेवायला येते.

बस भरलेली. खिडकीजवळ बसून लिहितेय. अक्षर हलतंय.

कंडक्टरनं तिकीट दिलं. त्यावर भातकुली.

त्याला म्हटलं, मला अकोल्याला जायचंय. तो चिडला. तुमीच तर भातकुली मागितली ताई, दोनदा इचारलं म्या, दोन्ही खेपा भातकुलीच म्हन्ल्या.

तिकिटाच्या वेळी मी बोललेच नाही. मी तोंडच उघडलं नाही—

थांबवा म्हणायला गेले. आवाज निघत नाही. घशात ते— औषधाचा वास. शेजारची बाई म्हणते, तिला वास येत नाही.

बस थांबली. मी म्हटलं नव्हतं इथं.

दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी. बोंडं फुटलीत. धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, कुणी बसलंय, छाती धरून. तेच नवं लुगडं. माझ्याकडं बघून हात—

त्यांना श्वास लागतोय, खरंच लागतोय, कुणीतरी धरायला हवं, मी फक्त—