रिकाम्या मुठीतलं नाणं

आई, तुला हे कळलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "काहून वो, दुसरे काम नाहीत काय तुले?" मी नाणं गायब करायला शिकले आहे. या वयात. उजव्या हातातलं नाणं डाव्या मुठीत ठेवते, फुंकर मारते, मूठ उघडते आणि मूठ रिकामी असते. तुझ्याशी सगळं आयुष्य वऱ्हाडीत बोलले, पण लिहायला बसलं की हाताला शाळेतली मराठीच येते, तेवढं चालवून घे.

झालं असं की मागच्या हिवाळ्यात मी मोर्णा नदीच्या पुलावर गाडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडाची झाली होती. पोळी लाटता येईना, साडीला पिन लावता येईना. व्यायाम शिकवायला एक तरुण डॉक्टरीण होती. ती म्हणाली, "काकू, घरी एक नाणं घ्या आणि या बोटावरून त्या बोटावर सरकवत न्या. कसं करायचं ते फोनवर पाहून घ्या." तू गेलीस तेव्हा फोनवर नुसतं बोलता यायचं. आता फोनमध्ये माणसं दिसतात, काय वाट्टेल ते शिकवतात, भाकरी कशी थापायची तेसुद्धा. मी बोटांचा व्यायाम शोधायला गेले आणि भलत्याच गल्लीत शिरले. हिरव्या कापडावर एका म्हाताऱ्या माणसाचे दोन हात. चेहरा नाही, नुसते हात आणि आवाज. कुठल्याशा परदेशातला आहे, इंग्रजी निम्मीच कळते मला. त्याने एक नाणं उचललं, दुसऱ्या हातात ठेवलं, बोटं एकेक करून मिटली आणि पुन्हा उघडली. नाणं नव्हतं. मग तेच त्याने सावकाश करून दाखवलं, नाणं कुठं लपतं तेही दाखवलं आणि पुन्हा नेहमीच्या वेगाने केलं. आई, मला सगळं माहीत झालं होतं, तरी मला ते दिसलं नाही. मी तो भाग पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. शेवटी पोळ्यांचा तवा जळायला लागला तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी नाणं घेऊन बसू लागले. दहाची नाणी घरात बरीच पडून होती, इथले दुकानदार ती घ्यायला अजूनही कुरकुर करतात. नाणं मधल्या दोन बोटांच्या मुळाशी नुसत्या दाबाने धरून ठेवायचं आणि हात मोकळा असल्यासारखा दिसू द्यायचा, एवढंच काम. पण माझा हात लगेच आखडायचा आणि नाणं खाली पडायचं. दिवसभर घरात खण् खण् चाले. तुझे जावई दुसऱ्या खोलीतून ओरडायचे, "आज काय मंदिरातली दानपेटी फोडून आणली काय?" मी गादीवर बसून करायला लागले, म्हणजे आवाज तरी होणार नाही.

हात सुधारला, नाणं टिकायला लागलं, पण जादू होईना. आरशासमोर केलं तर स्पष्ट दिसायचं की ही बाई काहीतरी लपवते आहे. मग त्या म्हाताऱ्याचा आणखी एक व्हिडिओ पाहिला. त्यात तो हात थांबवून बराच वेळ बोलला. मला कळलं ते असं की शिकणारे सगळे लपवणाऱ्या हाताची काळजी करतात, पण जादू त्या हातात नसतेच. जादू रिकाम्या हातात असते. मिटलेल्या रिकाम्या मुठीत नाणं आहे असं आधी तुम्हाला वाटलं पाहिजे, त्याचं वजन लागलं पाहिजे. तुम्हालाच वाटलं नाही तर दुसऱ्या कुणाला वाटणार नाही.

दुपारची वेळ होती. मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि उजव्या हाताला त्याच्या नशिबावर सोडून दिलं. डावी मूठ मिटली, तिच्यात नाणं आहे असं समजून तिच्याकडे पाहिलं, ती जरा वर उचलली. आणि उघडली. आई, माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मीच नाणं लपवलं होतं, मीच मूठ मिटली होती, आणि तरी त्या क्षणी नाणं माझ्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं. मी पलंगावर बसले. आणि बसल्या बसल्या मला तुझा हिवरखेडचा दवाखाना दिसायला लागला.

लस टोचायचा दिवस आहे. बाहेर कडुनिंबाखाली बाया लेकरं घेऊन बसल्या आहेत. आत स्टोव्हवर भांड्यात काचेच्या सिरिंजा उकळताहेत आणि खोलीभर स्पिरिटचा वास आहे. शाळेतून परस्पर तुझ्याकडे आलेली मी कोपऱ्यातल्या बाकावर पाय हलवत बसले आहे. तुला गावात सगळे नर्सबाई म्हणतात. एक बाई रडणाऱ्या लेकराला घट्ट आवळून धरते. तू तिला म्हणतेस, "सैल धर वो, चोर थोडाच पकडला." मग एकदम तुझी मान वर जाते, डोळे मोठे होतात. "अरे पाल! पाल पाह्य कशी उलटी चालून राहिली!" लेकरू वर पाहतं, त्याची आई वर पाहते, मी वर पाहते, दारातल्या दोन बायाही वर पाहतात. खाली पाहतो तर तू दंडावर कापूस दाबून उभी असतेस. लेकराला रडायचं असतं, पण कशासाठी ते त्याला नीट आठवत नसतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी छताखाली उभी राहून पत्रा न् पत्रा पाहिला होता. संध्याकाळी तू चुलीपुढे भाकर थापत होतीस तेव्हा मी म्हटलं, "तिथं पाल नव्हतीच. तू खोटं बोलली."

तू भाकर तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस. "होती."

"मले नाही दिसली."

"तुले नाही दिसली म्हणून नव्हती काय? जास्त शहाणी नको होऊ. पाट उचल तिकडचा."

मला तेव्हा तुझा राग आला होता. आपली आई खोटं बोलते आणि वरून कबूलही करत नाही, असं वाटलं होतं. आता पलंगावर बसून मी विचार केला, तू पाल म्हणालीस तेव्हा तुझे डोळे एका ठरावीक जागी जाऊन थांबायचे. आणि मग ते हळूच सरकायचे. भिंतीच्या बाजूला. पाल चालते तसे. म्हणून तर आम्ही सगळे तुझ्या नजरेमागून भिंतीपर्यंत जायचो. तुला कुणी शिकवलं होतं हे? नर्सिंगच्या शाळेत सुई कशी धरायची ते शिकवलं असेल. नजर कशी न्यायची ते कुणी शिकवलं? तिकडे तो म्हातारा आयुष्यभर हिरव्या कापडावर जे शोधत बसला, ते तू दर आठवड्याला स्टोव्हच्या धुरात उभी राहून करत होतीस. आणि टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, कारण काही झालंय हेच कुणाला कळत नव्हतं.

मग मला तुझं शेवटचं दुखणं आठवलं. अमरावतीच्या त्या दवाखान्यात तुझी शीर सापडत नव्हती. शिकाऊ मुलगी आली होती, तिचा हात थरथरत होता, दोनदा चुकली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्यावर चिडणारच होते. तू मला नजरेनं गप्प केलंस आणि तिला विचारलंस, "तुहं गाव कोणतं वो?" ती म्हणाली, बाळापूर. "किल्ल्याच्या कोणत्या अंगानं घर तुमचं?" ती सांगायला लागली. नदीकडून यायचं, मग चढ, मग डावीकडे वळायचं. सांगता सांगता तिचा हात स्थिर झाला आणि सुई आत गेली. तू डोळे मिटून म्हणालीस, "माहीत हाय मले तो चढ." त्या वेळी मला वाटलं होतं, दुखण्यातही हिला गप्पा सुचतात. माणूस मरायला टेकलं आहे आणि आपल्याला टोचणाऱ्या पोरीचं लक्ष दुखण्यावरून काढून तिच्या गावाच्या वाटेवर नेतं आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही. आता आलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वर भाड्याने एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी तिसरीत आहे. तिला थॅलेसेमिया आहे, म्हणजे अंगात रक्त टिकत नाही, दर काही आठवड्यांनी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागतं. इतक्यांदा टोचून टोचून तिच्या शिरा बारीक झाल्या आहेत आणि ती घाबरली की आणखी आत जातात. मागच्या खेपेला तिला चौघांनी धरलं होतं. तिने नर्सच्या हाताचा चावा घेतला, आणि घरी आल्यावर आईला म्हणाली, "मी आता नाही जात. मेली तरी चालन." तिची आई हे मला जिन्यात उभी राहून सांगत होती आणि पदर तोंडाशी धरत होती. या खेपेला तिने मला सोबत यायची विनंती केली.

वॉर्डात पोरगी भिंतीला चिकटून बसली होती, दोन्ही हात पाठीमागे. नर्स आली. तरुण, तोंडावर मास्क, ड्युटी संपत आल्यासारखे दमलेले डोळे. तिला पाहून पोरीचं अंग ताठ झालं. मी खुर्ची ओढून तिच्या उजव्या अंगाला बसले आणि पर्समधून दहाचं नाणं काढलं. डाव्या मुठीत ठेवलं, मूठ तिच्यापुढे धरली आणि विचारलं, "हाय का आत?"

तिने मान हलवली, आहे म्हणून.

"कशावरून?"

"तुमीच त ठेवलं."

"हात लावून पाह्य. जड लागते का?"

तिचा उजवा हात पाठीमागून बाहेर आला आणि माझ्या मुठीवर येऊन थांबला. ती बोटं दाबून पाहायला लागली. अंग सैल पडलं, मान माझ्याकडे वळली, आणि डावा हात आपोआप गादीवर पसरला. नर्सने माझ्याकडे पाहिलंही नाही. आम्ही काही ठरवलं नव्हतं, एकमेकींना ओळखतही नव्हतो. पण पन्नास वर्षं एकाच घरात नांदलेल्या जावांसारखी ती न बोलता पलीकडून खाली वाकली. मी मूठ उघडायची घाई केली नाही. एक बोट उघडलं. मग दुसरं. पोरगी श्वास रोखून बसली होती. तिसरं बोट उघडलं. मूठ रिकामी.

"आँ?" ती म्हणाली. आणि दाराशी उभी असलेली तिची आई रडायला लागली, कारण नळीतून रक्त आत जायला सुरुवात झाली होती.

नंतर बराच वेळ पोरगी उशीला टेकून पडली होती. ओठांवर हळूहळू रंग येत होता. मी तिथेच बसून होते. ती एकदम म्हणाली, "काकू, नाणं तुमच्या त्या हातात होतं. मले दिसलं होतं."

मी म्हटलं, "मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमाले वाईट वाटलं असतं ना." मग तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, पट्टीकडे, नळीकडे. बराच वेळ पाहिलं. "पण सुई कधी गेली वो?"

मी नुसतं हसले, सगळं माहीत असल्यासारखं.

आई, हे पाठवायला पत्ता नाही आणि घरात वाचून दाखवायची हिंमत नाही, म्हणून इथेच थांबते. त्या पोरीला सांगितलं नाही ते तुला सांगते. सुई कधी गेली ते मलाही दिसलं नाही. मी मुठीकडे पाहत होते. मला खरंच वाटलं होतं, नाणं आत आहे.