उरलेली रोपे

महाड, मंगळवार, सायंकाळ.

टोमॅटोचे बी दाट पेरले गेले, ही चूक माझीच. गावी कुडपणला राबात, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात, नाचणी फेकतो, त्याच सवयीने मूठ सोडली. तिथे शेत होते. येथे मुलाच्या घरात उन्हाची खिडकी एकच, तीही स्वयंपाकघराची. घमेल्यात आता रोपांची दाटी झाली आहे.

सून म्हणाली, "आबा, कुंड्या चार. बाकीची काय माझ्या डोक्यावर लावता? उपटून टाका."

राबातले उरलेले रोप कोणी टाकत नाही, ते शेजाऱ्याच्या शेतात जाते. पण येथे शेजारी कोण? समोरच्या दाराशी मी आजवर बोललेलो नाही. आधी त्यांनी बोलावे, अशी माझी अपेक्षा होती. ती योग्य होती काय?

अखेर उरलेली रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून समोरची घंटा वाजविली. शाळेतल्या बाई राहतात. म्हणाल्या, "अहो काका, मला लावता कुठे येतात!"

रोप देणाऱ्याने लावूनही द्यावे, ही आमची रीत. म्हणून आत गेलो. त्यांच्या खिडकीत आमच्यापेक्षा अधिक ऊन येते. चहा फार गोड होता; तसे मी दर्शविले नाही.