पुष्करने पाणी चाखलं नाही

भाटवाडी, ता. मालवण
वैशाख सरत आला

प्रिय किशोरी,

तुझ्या सुगंधाचा गळ्यात पडून नमस्कार.

आठवतंय का गं, बोर्डिंगच्या मागच्या पायऱ्यांवर शनिवारी दुपारी आपण एकमेकींच्या उवा काढत बसायचो? आधी तू वरच्या पायरीवर, मी खालच्या; मग उलट. आत सिस्टर बेनेडिक्टा मोठ्या मुलींना पत्रलेखन शिकवत असायच्या, आणि खिडकीतून ते सगळं फुकट आपल्या कानावर पडायचं. आधी प्रकृतीची चौकशी, मग हवामान, मग घरच्यांची खुशाली. आणि राग आला असेल तर तो पहिल्या परिच्छेदात दिसता कामा नये, ते चांगल्या घरातल्या मुलीला शोभत नाही. मी ते अजून पाळते. तेव्हा तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर ताब्यात आहे ना? सूनबाई संचिताच्या उलट्या थांबल्या का? (पहिलटकरणीला होतातच. सोनलच्या वेळी मला तर फोडणीचा वाससुद्धा सोसत नव्हता. तिला म्हणावं, हेही दिवस जातात.) इथे उकडतंय. आंबा यंदा उशिरा, पण गोड. आम्ही दोघं ठीक. झाला पहिला परिच्छेद.

आता तुझ्या मुलाबद्दल.

चैत्रात तुझा फोन आला की पुष्करच्या कंपनीला आमच्या किनाऱ्यावरच्या पाणीयोजनेचा आराखडा करायचं काम मिळालंय, तेव्हा तुझ्यापेक्षा मला जास्त आनंद झाला होता. घाटाखालच्या धरणातलं पाणी शुद्ध करून मोठ्या पाइपातून किनाऱ्यापर्यंत आणायचं, आणि वाटेतल्या सगळ्या तहानलेल्या गावांना आणि लहान बाजारगावांना द्यायचं, अशी ती योजना. ज्याला मी झबल्यात पाहिलं, तो आमच्या वाडीत पाणी आणणार! मी ओळीने सगळ्या घरांत सांगत फिरले. तिथेच घात झाला. कारण तेव्हापासून तो सरकारी योजनेचा इंजिनीयर राहिला नाही, मास्तरणीचा पाहुणा झाला. (हे शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मी मास्तरीणच आहे.)

आमच्या विहिरींचं तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तुझ्या घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. समुद्र पलीकडेच आहे. होळीनंतर गोडं पाणी खाली जातं आणि खारं पाणी आत शिरतं. म्हणजे विहीर आटत नाही गं, भरलेलीच असते, अगदी कठड्यावरून वाकून तोंड बघावं अशी. फक्त ते पाणी तोंडात धरवत नाही. चहात दूध फाटतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तुळस करपते. वरच्या वाडीत एक गोडी विहीर आहे. उन्हाळ्यात तिचाही तळ दिसतो, म्हणून ते पाणी आम्ही बाळंतीण, आजारी माणूस, देव आणि पाहुणे एवढ्यांसाठीच मागतो. बाकीच्यांनी टँकरची वाट बघायची.

आणि आला पाहुणा! बाबू गावकर (आमच्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा) स्कूटरला दोन कॅन अडकवून रोज पहाटे वरच्या वाडीतून पाणी आणायचा. मी नको म्हटलं तर माझ्यावरच खेकसला, "वयनी, पावण्याच्या आंघोळीचा टेन्शन तुम्ही घेव नकात, बाबू अजून जितो आसा." तुझा मुलगा बादलीवर बादली ओतून न्हायला. वर मला म्हणाला, मावशी, तुमच्याकडे पाण्याला काय प्रेशर आहे! बाबूच्या पाठीचं प्रेशर होतं ते. मग पाहणीला निघाला तर पुढच्याच घराच्या दारात माडावर चढणारा आमचा लवू कोयता घेऊन उभा. प्रत्येक घरी शहाळं. मी लवूला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, एकदा तरी त्याला आपलं पाणी दे. तर लवू कानाला हात लावून म्हणतो, "मास्तरणीच्या पावण्याक खारा पाणी कसा देवचा? माझी आये सपनात येवन माका मारीत." अशा रीतीने चार दिवसांत तुझ्या इंजिनीयर मुलाच्या तोंडात आमच्या एकाही विहिरीचा थेंब गेला नाही. त्याने विहिरीत टेप सोडली, खोली मोजली, व्यास मोजला, फोटो काढले, कठड्यावर बसून स्वतःचाही एक काढून घेतला. जीभ तेवढी लावली नाही.

तू म्हणशील, तू का नाही सांगितलंस? किशोरी, जेवणाच्या पानावर बसलेल्या मुलाला, तुझ्या मुलाला, मी सांगू की बाळा, बेताने हात धू? आणि त्याला इतकं शिकवलंत ते काय मी सांगावं म्हणून? घरात मावशीची तुळस वाळून काटकी झालेली त्याला दिसली नाही? दिसली. त्याने मला यूट्यूबवर तुळशीच्या खताचा व्हिडिओ पाठवला.

महिन्याभरात ग्रामसभा लागली. योजनेचा आराखडा गावापुढे वाचून मंजूर करून घ्यायचा होता. तालुक्याहून साहेब आले, बरोबर कागद वाचायला एक कारकून. नारळ फोडायचा म्हटल्यावर बाबू पुढे झालाच. नारळ हातात, डोळे मिटलेले, आणि सुरू झालं गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा! आज ही जी काय पाण्याची योजना सायबान आणलेली आसा, ती निर्विघ्नपणान पार पाडून घे रे म्हाराजा!" सगळी सभा म्हणाली, "होय म्हाराजा!" "सायबाच्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" तुला माहीत आहे, हे म्हणताना डोकं चालत नाही, मान चालते. आपण पाळण्यात असल्यापासून म्हणतोय.

आता तो कारकून. घाटावरचा, बिचाऱ्याला गाऱ्हाणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला वाटलं, इथे वाचायची हीच रीत. त्याने घसा खाकरला आणि बाबूच्याच चढ्या सुरात, प्रत्येक वाक्यानंतर थांबत, आराखडा वाचायला घेतला.

"सदर वाडीतील विहिरी उन्हाळ्यातही भरलेल्या आढळून आल्या आहेत!"

"होय म्हाराजा!"

"पिण्याच्या पाण्याबाबत ग्रामस्थांची कोणतीही तक्रार नाही!"

"होय म्हाराजा!"

"सबब सदर वाडी योजनेतून वगळण्यात यावी!"

"होय म्हाराजा!"

हा शेवटचा सगळ्यात मोठा. समुद्रापर्यंत गेला असेल. त्यात आमच्या ह्यांचाही आवाज होता, रक्तदाबाच्या माणसाने इतक्या जोराने ओरडू नये. मी तोंडातला 'होय' अर्धा गिळला आणि उभी राहिले. साहेब हसून म्हणाले, ताई, एवढं एकमत मी उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही. मला संताप आला, आणि संताप आला की मला इंग्रजी येतं, तेही कॉन्व्हेंटचं. त्यात शिवीच नाही गं! मी दर वाक्यात प्लीज आणि काइंडली घालून भांडले. साहेबांना वाटलं मी आभार मानतेय. त्यांनी हात जोडले आणि ते जीपमध्ये बसले.

मग मी बाबूला धरलं. त्याचं म्हणणं, "वयनी, सायबाक दिलेलो होकार फिरवता येता, पण देवाम्होरचो कसो फिरवतलात?" म्हटलं, आराखडा देवाने काढलेला नाही, पुष्करने काढलाय. तर म्हणे, देवाला विचारायला हवं. विचारलं. देवाला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतला, सगळी वाडी उपाशीपोटी देवळात. पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाने होकार परत घेऊ दिला. हे सगळं आम्ही साहेबांना अर्जात लिहून कळवलं. देव मागे सरला किशोरी, साहेब सरत नाहीत.

आणि चीड कशाची येते सांगू? तो मोठा पाइप आमच्याच गडग्याच्या दगडी कुंपणाला चिकटून जाणार आहे. पुढच्या बाजारगावाला नक्की द्या, त्यांचेही हाल आहेत. पण त्याच्याही पुढे हॉटेलं आहेत, पोहायच्या तलावांची. समुद्राच्या काठावर येऊन माणसं तलावात पोहणार, आणि त्यात जाणारं गोडं पाणी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागून खळखळत जाणार. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलंय, मन शांत ठेवा आणि मीठ बंद. आमटीत मी कणभर घालत नाही. पण विहीर घालते ना! सकाळी कप ओठाला लावतात, तोंड वाकडं होतं आणि मला म्हणतात, छान झालाय. मागच्या खेपेस रक्तदाब तपासला तेव्हा डॉक्टर माझ्यावरच डाफरले, काकू, सोडे-सुकट बंद करा. आम्ही शाकाहारी झालो त्यालाही वर्ष होत आलं.

सोनल ठाण्याहून रोज फोन करते. आई, पाणी येणार नसेल तर चतुर्थी झाली की घराला कुलूप लावा आणि इकडे या. तिचं चुकत नाही. ह्यांच्या कानावर ते गेलं की हे उठून माडांच्या मुळाशी जाऊन उभे राहतात. सातव्या मजल्यावर ह्या माणसाने कशाच्या मुळाशी जाऊन उभं राहायचं गं? मला ठाऊक आहे तिथे काय होईल. ते लिहीत नाही.

आणि अशात तू परवा फोनवर रडत होतीस, की पुण्यात आता पाणी एकच वेळ येतं! एकच वेळ! मी फोन ठेवला तो रेंज गेली म्हणून नाही.

तर पुष्करला सांग, मावशी त्याच्यावर भयंकर संतापली आहे. त्याच्याकडून मला काहीही नको. मन मोकळं करायला लिहिलं, बाकी हेतू नाही.

भाऊजींना नमस्कार, संचिताला पोटभर आशीर्वाद.

तुझी,
सुगंधा

ता. क. हे पत्र पुष्करला दाखवू नकोस. उगीच मनाला लावून घेईल, लहानपणापासून हळवा आहे.

ता. क. दुसरा. दाखव. साहेबांनी अर्जाला उत्तर दिलंय, की पाऊस लागण्यापूर्वी सल्लागार कंपनीने फेरपाहणी करून दिली तरच वाडी पुन्हा घालता येईल. एकदा मंजुरी झाली की पाइपाला नवं तोंड फुटत नाही. म्हणजे सगळं तुझ्याच लेकावर आलं. त्याला लगेच पाठव, वरिष्ठांना घेऊन ये म्हणावं. वाडीने ठरवलंय की या खेपेस कुणी माडावर चढणार नाही आणि बाबूची स्कूटर अंगणातून हलणार नाही. आंघोळ विहिरीवर, चहा विहिरीचा, डाळ विहिरीची. (त्याच्या खोलीतल्या चादरी मात्र मी वरच्या वाडीत नेऊन गोड्या पाण्यात धुऊन आणल्यात. खाऱ्या पाण्याने कापड कडक होतं, त्याला झोप लागायची नाही.)

ता. क. तिसरा. इथून पुण्याला जाणाऱ्या धनेशच्या आंब्याच्या गाडीतून सामान पाठवतेय. वाटणी नीट कर. आंब्यांच्या दोन पेट्या तुझ्या, भाऊजींना फोडीपुढे जाऊ देऊ नकोस. आमसुलं संचिताला, तोंडात धरायला. काचेच्या तीन बाटल्या आहेत, बुचाला लाल दोरा बांधलेल्या. ते आमच्या विहिरीचं पाणी. एकीचा चहा पुष्करला, कुणी काही न सांगता. दुसरी त्याच्या वरिष्ठांना, मावशीकडून सप्रेम भेट. तिसरी त्यांच्या ऑफिसातल्या कुंडीत रोज थोडी घालावी, म्हणजे ज्यांना चाखायचं नाही त्यांना बघता येईल. आणि निळा कॅन रिकामा आहे, तो चुकून आला असं समजू नकोस. तुमचं एक वेळचं येईल तेव्हा नळाखाली धर, भर, आणि परतीच्या गाडीत धनेशकडे दे. तो कॅन ह्यांचा. चहापुरता.