सुई लागलेलं सोवळं

आई,

तुमचा मोठा मुलगा हल्ली न्हाणीघराला आतून कडी लावतो. विहिरीवर उघड्या अंगाने कळशा ओतून घेणारा, मे महिनाभर पडवीत सदऱ्याशिवाय सुपारी कातरत बसणारा माणूस आता दोन बनियनांवर सदरा चढवून घामाने निथळत असतो. तुम्ही गेलात, मग रेल्वे आली, यांची पेन्शन सुरू झाली आणि पाठोपाठ प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुरुषांना तशी काही ग्रंथी असते हेच मला तेव्हा कळलं. देवाच्या कृपेने आजार आटोक्यात आहे. पण त्यावरच्या गोळ्यांनी यांच्या अंगावरचे केस गेले आणि छाती बाईसारखी भरून आली. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. "जीव वाचला ना आजोबा? मग छातीचं काय घेऊन बसलात?" घरी येऊन दारात चपला काढताना हे म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही. माझ्या भावालासुद्धा नाही." मी देवाची शपथ घेतली. तेव्हापासून त्या कडीच्या आत आम्ही दोघंही आहोत.

मग गणपती आले. पूजा थोरल्याने करायची, सोवळं नेसून, उघड्या अंगाने. एका वर्षी हे आजारी म्हणून धाकटे भावोजी पूजेला बसले, तेही पडसं झालं म्हणून बनियन घालून. आठवतं? मोदकाचं सारण हाताला तसंच घेऊन तुम्ही बाहेर आलात. "काढ ते, शिंच्या! देवापुढे काय झाकायचंय तुला?" अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्यात मोठ्याने हेच हसले होते. या वर्षी मला म्हणाले, "ताप आलाय म्हणून सांग. आईचं ते बोलणं कानातून जात नाही गो." उपरणं घेऊन पाहिलं, पण अभिषेकाला दोन्ही हात गुंतले की ते खांद्यावरून घसरतं.

शेवटी तुमचं सोवळ्याचं तांबडं रेशमी लुगडं मी ट्रंकेतून काढलं. सुई लागली की सोवळं गेलं, हा तुमचा नियम, आणि मी तो आजवर पाळला. लुगड्याला नमस्कार केला आणि कात्री लावली. ढगळ बंडी शिवली.

भावोजी पाटाशी आले नि हसले. "हे काय दादा, बंडी? आई असती तर पाटावरून उठवलं असतं तुला!" यांचा हात बंडीच्या बंदावर गेला. मला वाटलं, आता हे उठून जातात. मी म्हटलं, "भावोजी, आईंच्याच लुगड्याची आहे." त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि ताम्हन यांच्यापुढे सरकवलं. यांनी मान वर न करता पळी उचलली.

पाहुणे गेले. कडी लागतेच आहे. फक्त काल आतून हाक आली, "अगो, पाठ चोळतेस?" आणि कडी निघाली. इतक्या महिन्यांनी.

हा पाठकोरा कागद उद्या बंबात जाईल, यांच्याच पाण्याखाली, म्हणून लिहिते. मी आत पाऊल टाकलं तसे हे म्हणाले, "आधी दिवा मालव." मी मालवला. आणि आई, अंधार झाल्यावर मलाही सुटल्यासारखं वाटलं.