तुमच्या नावाची कमान

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमचा राग आला. आमदारांनी तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात सगळ्यांना बोलावलं होतं. सरकारी निधी कुठे खर्च करायचा ते या वेळी लोकांनीच सांगायचं, असा निरोप होता. मी अंगणवाडीतून रजा घेऊन गेले. वाडीखालच्या ओढ्यावर पायी ओलांडण्यापुरता साकव मागायचा, एवढंच डोक्यात होतं. पावसाळ्यात पोरं अजून हाताला हात धरून त्या पाण्यातूनच शाळेला जातात. गेल्या श्रावणात शेजारची मुलगी पाय घसरून पडली. दप्तर वाहून गेलं, ती दगडाला धरून राहिली म्हणून वाचली. आता पाणी चढलं की आई तिला घरीच ठेवते.

चर्चा कसली, दुपारपर्यंत नुसते सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, आणि ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार. मग मागण्या सुरू झाल्या. एका गावाला स्वागत कमान हवी, तर शेजारच्या गावाला तिच्याहून उंच हवी. एकाला देवळापुढे पेव्हर ब्लॉक हवेत, आणि त्याच्या गावाला पाणी टँकरचं. डोकं फिरलं माझं. हात वर केला तो खाली घेतलाच नाही.

मी कुणाची मुलगी हे कळल्यावर आमदार स्वतः उठले. तुमच्या खांद्यावर बसून ओढा ओलांडलेल्या पोरांतला हाही एक. तेच त्यांनी सगळ्यांना सांगितलं, सांगताना डोळे पुसले. माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. मला शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "गुरुजींनी जिथनं आमाला उचलून नेलं, त्या ओढ्यापाशीच त्यांच्या नावाची कमान उभी करू." टाळ्या थांबेनात.

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. पोरं पोचवून तुम्ही चिंब भिजून आला आहात, आई चुलीपुढे तुमच्या गुडघ्यांना तेल चोळतेय, आणि मी म्हणते, आमचे नाना लय ताकदीचे. तुम्ही माझ्यावर डाफरता, "कवतिकानं पाणी उतरत न्हाई. तितं साकव पायजे." मग तेव्हाच हट्टाला पेटायचं होतंत ना! तुम्ही पोरं उचलत राहिलात आणि वरच्यांचं भागत राहिलं. तुम्ही जरा कमी चांगले असतात तर साकव कधीच झाला असता.

माइक माझ्यासमोर होता. कमान नको, साकव द्या, एवढंच म्हणायचं होतं. मी आभार मानले आणि खाली बसले.

मी परतले तेव्हा दप्तर वाहून गेलेल्या त्या मुलीची आई ओढ्याशी धुणं धूत होती. तिनं मान वर करून विचारलं, "मागितला का वो, ताई?" मी म्हटलं, सत्कारातच वेळ गेला, बोलायलाच मिळालं नाही. तिनं मान हलवली आणि पुन्हा कपडे आपटायला लागली.

हे पत्र कुठे टाकणार आहे मी? म्हणून तुम्हालाच सांगते. बोलायला मिळालं होतं, नाना. पण त्या वेळी मी मनातल्या मनात कमानीवरचं तुमचं नाव वाचत होते, आणि ते तिथे फार शोभून दिसत होतं.