डाव्या गालाचा फोटो

४ मार्च, मंगळवार

ठरलं! कॅमेरा घ्यायचा. मोठा, गळ्यात अडकवायचा, खटकन वाजणारा. सदुसष्टाव्या वर्षी!

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला — "आई, तुझ्या फोनला कॅमेरा आहे ना?" आहे बाबा. तिथेच तर घोळ आहे. काल धाकटी खिडकीपाशी पेपर वाचत बसली होती. तिचं लक्ष नाही असं बघून मी फोनने तिचा एक फोटो चोरून काढला. बघते तर डाव्या गालावरचा डाग गायब! सुरकुत्याही गायब. त्रेसष्ट वर्षांची माझी बहीण सोललेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत. मी कशालाच हात लावला नव्हता. फोनने आपलं आपणच सगळं उरकलं.

एकेकाळी हेच काम मी स्टुडिओत बसून हाताने करत असे. आणि केवढी ऐट होती मला त्याची!

वीस तारखेला तिचा तो डाग काढणार आहेत. जन्मापासूनचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, पण एका कडेने वाढतोय, काढलेला बरा. म्हणजे हातात सोळा दिवस. तेवढ्यात मला तिचा एक फोटो हवा. आहे तसा. डागासकट. कॅमेरा काय, दुकानात मिळेल. ती समोर बसेल का, हा खरा प्रश्न. बेचाळीस वर्षांत तिने कुणालाही फोटो काढू दिलेला नाही. आणि त्याला कारण मी.

६ मार्च, गुरुवार

दुकानात जाऊन आले. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि तोच चष्मा काउंटरवर शोधत होता. "या आजी, नातवासाठी बघताय?" म्हटलं, "माझ्यासाठी. आणि आजी मी फक्त माझ्या नातवाची." "बरं, मावशी," म्हणाला. चालेल.

मग सुरू झाला. मेगापिक्सेल चोवीस. सेन्सर एवढा. आयएसओ तेवढा. मी मुकाट ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणसाच्या कातडीचं काय करतो हा?"

"म्हणजे?"

"म्हणजे डाग खातो का?"

तेव्हा कुठे त्याने चष्मा डोळ्यांवर घेऊन मला नीट पाहिलं. "नाही हो मावशी. समोर असेल ते देतो. उलट लोक भांडायला येतात, आम्ही इतके वाईट दिसतो का म्हणून!"

दोन जातींचे दाखवले. एक बिनआरशाचे — हलके, आता सगळे तेच घेतात म्हणे. डोळा लावला तर आत इवलासा टीव्ही. दुसरे आरशाचे — जड, जुन्या वळणाचे, म्हणजे एसएलआर. त्याला डोळा लावला आणि समोरची भिंत, कॅलेंडर, दुकानदाराचं पोट — सगळं खरंखुरं दिसलं. आरशावरून आलेला उजेड. टीव्ही नाही. बटण दाबलं — खटक्! चाळीस वर्षं हा आवाज स्टुडिओच्या पडद्यापलीकडून ऐकला. आज पहिल्यांदा माझ्या बोटाखाली वाजला.

चार हातात धरून बघितले. एक इतका जड की मनगट बोललं. एकाची बटणं मुंगीएवढी. तिसरा तळहातात असा बसला की जसा काही तिथेच राहायला होता. "विचार करून येते," म्हटलं. विचार कसला! झालाच होता.

७ मार्च, शुक्रवार

हात शिवशिवतायत.

९ मार्च, रविवार

स्टुडिओ डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे मास्तरांची, म्हणजे मालकांची, फोटो काढायची खोली — रंगवलेला पडदा, त्यावर कधीच न संपणारा जिना, आणि खुर्ची. मागे अंधारी खोली, लाल दिवा, फोटो पक्का करायच्या हायपोचा तो आंबट वास. मधल्या चिंचोळ्या जागेत माझं टेबल. सातवीपर्यंत शिकलेली मी, एकोणिसाव्या वर्षी तिथे झाडलोट करायला लागले. फोटोंवरचे डाग झाकणारा रिटचिंगवाला कामावर आला नाही की त्याच्या टेबलाशी बसून बघायची. बघता बघता शिकले. कुणी शिकवलं नाही. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं — काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो. त्यावर शिसपेन्सिलीने मुंगीच्या पावलांनी भरत जायचं. फोटो छापला की डाग नाहीसा! छापलेल्या फोटोवर कुठे ठिपका राहिला तर बारीक ब्रश. ब्रश जिभेवर फिरवायचा की टोक येतं. किती लोकांच्या देवीचे वण, किती सुजलेले डोळे, किती पुढे आलेले दात मी सुधारले! मास्तर म्हणत, "तुझ्या हातून माणसं घरी जाताना देखणी होऊन जातात." कॅमेऱ्याला मात्र हात लावू दिला नाही कधी. "तुझं टेबल ते तुझं, कॅमेऱ्यावरचं काळं फडकं ते माझं." वाईट माणूस नव्हता. कॅमेरा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

आणि ते एक पान. इथे तरी लिहावं.

धाकटी एकवीसची. लांबच्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात स्वागताला बसायची नोकरी निघाली होती. अर्जासोबत फोटो हवा. मास्तरांनी काढला. मी तिला न विचारता, हौसेने, दोन दिवस बसून गालावरचा डाग भरला. अख्ख्या आयुष्यात तितकं सफाईचं काम केलं नाही. बोलावणं आलं! नवीन चपला घालून गेली. तिसऱ्या दिवशी परत. बॅग दारात टेकवून एवढंच म्हणाली — "त्यांनी फोटोतल्या बाईला बोलावलं होतं, ताई. मला नाही."

पुढे शाळेच्या ग्रंथालयात लागली, तिथेच जन्म काढला. मला कधी टोचून बोलली नाही. ते जास्त लागतं. आता वरच्याच मजल्यावर राहते, दिवसभर माझ्याकडे. खिडकीची खुर्ची तिची. पेपर आधी तिला. दुधावरची साय तिची. ती काही मागेल आणि मी नाही म्हणेन, असं अजून झालेलं नाही. करून काय भरून येणार होतं! पण करत राहिले.

१० मार्च, सोमवार

घेतला!

दुकानदार म्हणाला, "पहिलाच कॅमेरा आहे मावशी, झूमची लेन्स घ्या, सोयीची पडते." मी म्हटलं, चेहऱ्याला चांगली कुठली? तर पन्नास एमएमची काढून दिली. छोटीशी, गोल, समोरासमोर बघणारी. "हिला झूम नाही हं. पुढेमागे तुम्हालाच चालावं लागेल." म्हटलं, "चालेन की. डॉक्टर तेच सांगून दमले."

रिक्षात मांडीवर धरून आणला. तान्ह्या बाळासारखा.

११ मार्च, मंगळवार

काय ती शोभा! सकाळपासून फोटो काढले — किटली, चपला, समोरच्या गच्चीवरचे कपडे. मनात मोजत होते. छत्तीस झाले, थांबले. रोल संपला ना! मग कार्ड काढायचं म्हणून न्हाणीघरात गेले, दिवा बंद केला, वरून चादर घेतली आणि चाचपडत झाकण उघडलं. उजेड लागला तर सगळं जायचं! बाहेर धाकटी दार वाजवतेय — "ताई, बरी आहेस ना? अंधारात काय करतेस?" सांगितलं. हसून हसून तिला ठसका लागला.

माहितीपुस्तक भिंगाने वाचलं. कार्डाला उजेडाचं काही नाही. आणि अजून हजारभर फोटो निघतील. हजार! मास्तर असते तर भोवळ येऊन पडले असते.

१३ मार्च, गुरुवार

आज विचारलं. सरळच. "डाग जायच्या आत तुझा एक फोटो काढू दे."

पेपरातून वर न बघता — "नको."

"एकच."

"तुझ्या किटलीचे काढ. ती बसते निमूट."

"अगं, मी पुसणार नाही काही."

त्यावर वर बघितलं. पण नेहमीसारखा उजवा गाल माझ्याकडे. म्हणाली, "ताई, मला त्या पेटीसमोर बसवू नकोस. बाकी काय हवं ते सांग." आणि उठून वर गेली. चहा तसाच राहिला.

सात दिवस राहिले.

१४ मार्च, शुक्रवार

मूर्ख मी! मूर्ख! मूर्ख!

डोळा लावला की कोपऱ्यात एक बारीक काळा ठिपका दिसत होता. दोन दिवस सोसला. आज लेन्स काढून आत बघितलं — खाली आरसा, वर दुधी काच, आणि काचेवर तो ठिपका. हाताला काय सवय! डब्यातला जुना ब्रश काढला, जिभेवर फिरवून टोक आणलं आणि टिपला. ठिपका गेला. तिथे ओला डाग आला. तो पुसायला कापूस घेतला, तर सगळीकडे फरफटला. आरशालाही लागला. आता डोळा लावला की वाफेच्या खोलीत बसल्यासारखं सगळं जग धूसर!

चाळीस वर्षांत फोटो कधी बिघडवला नाही. पहिला कॅमेरा चार दिवसांत बिघडवला.

१५ मार्च, शनिवार

दुकानदाराने कपाळावर हात मारला. चष्मा तिथेच होता, तो खाली पडला.

"मावशी! जिभेला लावून?"

"ब्रशला टोक तसंच येतं."

"अहो, तो ठिपका फोटोत येतच नाही! फक्त डोळा लावणाऱ्याला दिसतो. धूळ असते, चालायचंच."

"मला कुणी सांगितलं नाही."

"असं काही करेल कुणी, हे मला कुणी सांगितलं नाही!" मग हसला, बिचारा. आरसा साफ करून देतो म्हणाला. वरची काच मात्र बदलावी लागेल, मागवायला हवी. "बुधवारी या."

बुधवारी एकोणीस. वीसला धाकटी हॉस्पिटलात. तसं सांगितलं त्याला. म्हणाला, "बुधवार म्हणजे बुधवार." जीव टांगणीला.

१७ मार्च, सोमवार

तिने आपण होऊन विचारलं, "कॅमेरा कुठे गेला?" जिभेचं सगळं सांगितलं. या वेळी हसली नाही. "एवढं काय अडलंय तुझं त्या फोटोवाचून?"

मी सांगून टाकलं. की एकदा मी तुझा चेहरा तुला न विचारता पुसला. आता डॉक्टर पुसणार. मधल्या मधे तो होता कसा, याचा एक कागद तरी घरात असू दे.

ती नखाने टेबलक्लॉथवरचं फूल खरवडत बसली.

१९ मार्च, बुधवार

काय दिवस!

सकाळी तिला तपासणीला नेलं. ऑपरेशनच्या आधीचा फोटो कागदांत लावायचा असतो. नर्सने स्वतःच्या फोनने काढला. धाकटीने नाइलाजाने डोळे मिटून काढू दिला. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला, परत चेहरा बघितला, परत फोटो. "अहो सिस्टर, या फोटोत तर ऑपरेशन झालंय!" फोनने डाग खाल्ला होता! दोनदा काढला, दोनदा खाल्ला. सेटिंग कुणाला सापडेना. "उद्या येताना एक नीट फोटो आणा," म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर धाकटी खो खो हसत सुटली. "ताई, तुझी गादी चालवायला फोन बसलाय!" मीही हसले. मग एकदम म्हणाली, "रिक्षा दुकानाकडून घ्यायला सांग."

दुकानदाराने कॅमेरा तयार ठेवला होता. काच लख्ख. वर एक कागद चिकटवलेला — "ब्रश लावू नये." धाकटीने तो मोठ्याने वाचून दाखवला.

घरी आल्यावर खिडकीची खुर्ची थोडी वळवली. दुपारचा उजेड पडद्यातून गाळून येत होता. मी पुढे गेले, मागे आले, परत पुढे. "बस की आता एका जागी," म्हणाली. "माझ्या लेन्सला झूम नाही," म्हटलं. तोंडात मास्तरांचंच वाक्य आलं — "मान जराशी इकडे…" पुढचं बोलवेना.

मग तिनेच मान वळवली. डावा गाल उजेडाकडे. कुणी न सांगता.

बेचाळीस वर्षांनी मी तो डाग इतका वेळ, इतक्या जवळून पाहिला. मला वाटत होतं मला पाठ आहे. नव्हता! वरच्या कडेला तांबूस, मध्ये भाजलेल्या मातीसारखा, जबड्यापाशी फिकट होत होत नुसती सावली. त्यावर आता सुरकुत्यांच्या बारीक वाटा. हसली की डागही हसतो. हे पेन्सिलीने भरताना मला दिसलंच नव्हतं.

खटक्.

नऊच काढले. पुढे डोळ्यांनी साथ दिली नाही.

२० मार्च, गुरुवार

सुखरूप बाहेर आली. माझा जीव भांड्यात पडला. उद्या तिची भाकरी मऊ करून— नाही, पेजच द्यायची म्हणे.

२९ मार्च, शनिवार

फोटो मोठा करून आणला. धाकटीने गालावरच्या पट्टीला हात लावून खूप वेळ बघितला. मग म्हणाली, "ताई, त्या हॉटेलात मी आत गेलेच नव्हते."

मला कळेचना.

"दारापर्यंत गेले. मोठं काचेचं दार. आतली माणसं बघितली आणि तशीच मागे फिरले. दोन दिवस मैत्रिणीकडे राहिले. माझं तोंड तिथे कुणी बघितलंच नाही. ते फोटोतल्या बाईचं वाक्य मी बसमध्ये जुळवलं. आणि एकदा तसं बोलून बसले म्हणताना, पुढे प्रत्येक फोटोला नाही म्हणत राहावं लागलं."

"बेचाळीस वर्षं! अगं, एकदा तरी सांगायचंस!"

हसू आलं तिला. टाके दुखले म्हणून गाल धरला.

"आधी लाज वाटली. मग तू इतके लाड करायला लागलीस — म्हटलं, सांगितलं तर थांबशील."